इंजिन ड्रायव्हर पंतप्रधान



ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटूंची नावं आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. बेन चिफली हे नाव मात्र मीही अलीकडेच वाचलं.

न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्ट गावच्या एका लोहाराचा हा मुलगा. १९०३ साली रेल्वेच्या शेडमध्ये पोऱ्या म्हणून लागला, रात्रीच्या वर्गांना जाऊन शिकला आणि तिशीच्या आत पहिल्या श्रेणीचा इंजिन ड्रायव्हर झाला.

मग १९१७ चा संप. सिडनीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कुठल्या कामाला कामगाराने किती वेळ लावला, याची कार्डं ठेवायचं ठरलं. दर आठवड्याला टाइमशीट भरणाऱ्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजवायला नको! आम्ही मुकाट्याने भरतो. तिथे हजारो लोक बाहेर पडले. चिफलीही त्यांत होते. नोकरी गेली. परत घेतलं ते फायरमन म्हणून, सीनियॉरिटी कापून. काल ज्या जागी उभं राहून इंजिन चालवलं, तिथेच आता दुसऱ्याच्या हाताखाली कोळसा टाकायचा. पगारापेक्षाही हे जास्त लागत असेल, असं मला वाटतं.

पुढे युनियनचं काम, १९२८ ला खासदारकी, १९३१ ला पराभव, १९४० ला पुन्हा संसदेत, मग अर्थमंत्री आणि १९४५ साली पंतप्रधान. तेव्हाही कॅनबेरात सरकारी बंगला न घेता ते कुराजोंग नावाच्या साध्या हॉटेलातच राहत. भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहील, हे १९४९ च्या एप्रिलमध्ये लंडनला ज्या बैठकीत ठरलं, तिथे नेहरूंबरोबर हेही होते.

त्याच वर्षी जूनमध्ये कोळसा खाणकामगारांचा संप झाला. ऐन थंडीत वीज कपात, कारखाने बंद. चिफलींच्या मजूर पक्षाच्या सरकारने युनियनचा पैसा गोठवला, पुढाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं आणि ऑगस्टमध्ये खाणींत लष्कर उतरलं. संपाची किंमत स्वतः मोजलेल्या माणसाने हे करावं?

त्यांच्या बाजूनेही बोलता येतं. वीज नसल्याने घरी बसलेले लाखो लोकही कामगारच होते. तरी मला ते पटत नाही. वीज वाचवायला दुसरे मार्ग होते असं नाही, पण सैनिकांच्या हातात फावडी देताना त्यांना १९१७ आठवलं असणारच.

डिसेंबरच्या निवडणुकीत ते हरले. १९५१ च्या जूनमध्ये त्याच हॉटेलच्या खोलीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यातच ते गेले.