भरमार आणि ठासणी

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणींच्या शेजारी वसलेले आहे. ह्या परिसरात छत्तीसगढी, हिंदी आणि कारखान्याच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या कुटुंबांची मराठी अशा तीन भाषा कानांवर पडतात. त्यांपैकी पहिल्या दोन भाषांत, तोंडातून दारू भरावयाच्या जुन्या शिकारी बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात. भरा आणि मारा, असा त्या शब्दाचा अर्थ लोक लावतात. गडचिरोलीच्या बातम्यांच्या वाटेने हा शब्द मराठी वृत्तपत्रांतही शिरला आहे. परंतु पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘भरमार’ म्हणजे रेलचेल एवढेच ठाऊक असते. ‘भरमार बंदुका जप्त’ अशी ओळ वाचली की त्याच्या डोळ्यांपुढे शस्त्रांचा ढीग उभा राहतो. प्रत्यक्षात जप्त झालेल्या असतात दोन-तीन जुनाट नळ्या, एकदा झाडल्या की पुन्हा भरावयास वेळ घेणाऱ्या. ही बंदूक माओवाद्यांच्या दलमांतही सापडली आहे आणि रानडुकरांपासून धान राखणाऱ्याच्या झोपडीतही. ती कोणत्या हेतूने बाळगली होती हे ठरविणे न्यायालयाचे काम. वाचकाच्या मनातील निवाडा मात्र एका न समजलेल्या शब्दाने आधीच होऊन गेलेला असतो.

विशेष हे, की ह्याच वस्तूसाठी मराठीत अस्सल नाव आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तिला ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. इंग्रजी नाव ती कोठून भरली जाते हे सांगते. जर्मन ‘फोर्डरलाडर’देखील ‘पुढून भरावयाची’ एवढेच म्हणते. मराठी नाव हाताची क्रिया सांगते. सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांची दारू मापाने नळीत ओतावयाची, वर चिंधी किंवा काथ्या घालून गजाने ठासावयाची, मग छर्रे, त्यांवर पुन्हा बोळा आणि शेवटी मागच्या टोकाला टोपी. ठासणी सैल राहिली तर बार फुसका जातो. दारू बेसुमार झाली तर नळी फुटून धरणाऱ्याचाच हात जातो. नावातच इशारा असलेली अशी संज्ञा कोणत्याही परिभाषा-समितीला बसल्या जागी सुचणार नाही.

ह्या बंदुकीची वंशावळही मराठीने जपली आहे. जळत्या वातीने दारू पेटविणारी ती तोड्याची. गारगोटीच्या ठिणगीने पेटविणारी चकमकीची. आणि तांब्याच्या लहानशा टोपीवर घोडा आपटून पेटणारी ती टोपीची. ह्या शेवटच्या पायरीचे मूळ शिकारीत आहे. अलेक्झांडर फॉर्सिथ हा स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. चकमकीची बंदूक झाडताना आधी बाहेर भडका उडे आणि छर्रे पोचण्यापूर्वीच पाखरे उडून जात. ह्या त्राग्यातून त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तांब्याची टोपी ही त्यानंतरची सुधारणा. सैन्यांनी हे तंत्र पुढे कित्येक वर्षांनी उचलले. शिकारी बंदुकीचा इतिहास म्हणजे युद्धाच्या बंदुकीची तळटीप, असे मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

शब्दांचे स्थलांतर त्याहूनही दूरचे आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’पासून आला, त्याचा अर्थ एक कवचीचे फळ, आणि त्यावरून गोळी. ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून आले, ‘तोफ’ तुर्कीतून. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग असा स्वतंत्र विभाग करून यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी शिलेदाराने बंदूक बंदूकच ठेवली. आणि हे परके शब्द घरात इतके रुळले, की बंदूक कधी हातात न धरलेला मराठी माणूसही तंबाखूचा बार भरतो, मुलीच्या लग्नाचा बार उडवून देतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. विहिरीच्या सुरुंगाचाही बारच असतो.

इतकी समृद्धी असताना लिहिणाऱ्यांचा हात आखडतो तो का, हे कळत नाही. पोलिसी मराठीत ‘अग्निशस्त्र’ ह्या एका शब्दाखाली भरमारपासून स्वयंचलित बंदुकीपर्यंत सारे एका पोत्यात जाते. कथाकादंबऱ्यांत आणि बातम्यांत ‘घोडा दाबला’ असे सर्रास येते. वस्तुतः घोडा चढवावयाचा असतो आणि ओढावयाचा तो चाप. १८७५ नंतर इंग्लंडमध्ये घोडा आत दडविलेल्या शिकारी बंदुका रूढ होत गेल्या, तेव्हा दाबण्यासाठी तो बाहेर उरलासुद्धा नाही! ‘बारा बोर’ ह्या शब्दाचीही अशीच गत. त्यातील बारा हे कशाचेही माप नसून संख्या आहे: नळीच्या व्यासाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतो. म्हणून वीस बोरची नळी बारा बोरहून अरुंद असते, हे सांगितल्यावर चांगले वाचकही चकित होतात.

कायदा मात्र हे भेद मानतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी वा शिकार-खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल किंवा एअर रायफल, असे वेगवेगळे परवाने सांगितले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौशी शिकार जवळजवळ संपली. शेतकऱ्याची ठासणी आणि क्लबातील रायफल एवढ्या दोनच शाखा मुख्यतः उरल्या, आणि त्यांतील पहिलीची भाषा दुसरीपर्यंत पोचली नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव ह्यांच्या १९५२ मधील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या वार्तांकनात ‘नीलिंग’, ‘प्रोन’, ‘स्टँडिंग’ हे शब्द वारंवार आले. गुडघ्यावर, पालथे आणि उभे हे शब्द राधानगरीच्या कोणत्याही शाळकरी मुलाला कळले असते. रायफल, काडतूस हे शब्द मराठीच आहेत, त्यांना पर्याय शोधण्याचा खटाटोप नको. परंतु शरीराच्या साध्या ठेवणीलाही परके नाव द्यावे, ह्याला आळस म्हणावे लागते.

‘भरमार’ला मात्र मराठीत घ्यावे. गडचिरोलीने तो शब्द वापरून आपला केलेला आहे. कोशांत रेलचेल ह्या अर्थाशेजारी ‘ठासणीची बंदूक’ हा दुसरा अर्थ नोंदवावा आणि वृत्तपत्रांनी निदान पहिल्या उल्लेखात तो कंसात द्यावा. ‘ठासणी’ची नोंद तर आजच हवी. दारूचे माप, बोळ्याची जात, गजाचा आवाज ऐकून ठासणी पुरी झाली की नाही हे ओळखणे, ह्या सगळ्यांचे शब्द जुन्या परवानेधारकांच्या आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या तोंडी आहेत. निवडणुकीच्या वेळी ह्या बंदुका ठाण्यात जमा करावयास हे परवानेधारक रांगेत उभे असतात. कोशकाराला त्यांना भेटावयाचे असेल, तर तो दिवस सोयीचा आहे.