शेवटच्या स्वाराचा वेग

मोटारसायकल हे खरे तर एकट्याच्या मुशाफिरीचे वाहन. तरीही तिच्या चाहत्यांना एकत्र येण्याची विलक्षण ओढ असते. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९८३ साली 'हार्ले ओनर्स ग्रुप' स्थापन करून या ओढीला संघटित रूप दिले. आपल्याकडे पुण्यात २०११ साली महिला दुचाकीस्वारांची 'द बायकर्नी' ही संघटना उभी राहिली आणि पुढे अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या. बदलीच्या नोकरीत परक्या गावी गेलेल्याला अशी शाखा म्हणजे हक्काचा गोतावळाच. मात्र तिचे नेतृत्व कोणाकडे असावे, याचा विचार अभावानेच होतो.

बहुधा ज्याची गाडी सर्वांत भारी किंवा ज्याचा वेग सर्वांत अधिक, त्याच्याच गळ्यात ही माळ पडते. आमच्या मते ही कसोटीच चुकीची आहे. शाखाप्रमुखाची पात्रता ताफ्यातील सर्वांत नवख्या स्वाराच्या सुखरूप परतण्यावरून ठरावी.

सामूहिक सफरीचे शास्त्रही हेच सांगते. सरळ रस्त्यावर स्वार एकामागोमाग एक न जाता नागमोडी रचनेत, पुढच्याच्या किंचित उजवीकडे वा डावीकडे राहून चालतात. थेट समोरच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखतात. घाट किंवा अरुंद वळण आले की रांग एकेरी होते. अग्रभागी वाट दाखवणारा असतो, तर सर्वांच्या शेवटी एक अनुभवी स्वार मागे पडलेल्यांना सांभाळत येतो. गती ठरते ती मागच्यांना झेपेल त्या बेताने. नवखा स्वार पुढच्यांना गाठण्याच्या धडपडीत आपल्या कुवतीबाहेर गाडी पळवू लागला, तर तो दोष नेतृत्वाचाच मानला पाहिजे.

या विषयाचे गांभीर्य आकडेवारीतून स्पष्ट होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणूनच 'हेल्मेट नाही, तर सफर नाही' हे सांगताना समोर जिवलग मित्र आहे की वरिष्ठ अधिकारी, हे शाखाप्रमुखाने पाहू नये. आदल्या रात्री झोप न झालेल्यास परत पाठवणे आणि पावसाचा रंग पाहून ठरलेला बेत रद्द करणे, यांसाठीही धैर्य लागते. नकाराने येणारा रुसवा चार दिवसांत मावळतो. गेलेला जीव परत येत नाही.

विम्याकडेही असेच लक्ष हवे. वाहनमालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मागे बसणाऱ्यास लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते, हे निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

राहिला प्रश्न पैशांचा. सदस्यांची वर्गणी प्रमुखाच्या वैयक्तिक खात्यात ठेवण्याची प्रथा सोयीची वाटली, तरी हितावह नाही. संस्थेची रीतसर नोंदणी करावी, तिच्या नावे खाते उघडावे, व्यवहार दोघांच्या सह्यांनी व्हावेत आणि दर सफरीनंतर हिशेब सर्वांसमोर मांडावा. कित्येक मंडळांत स्नेहाला तडा जातो तो रस्त्यावरच्या मतभेदांपेक्षा न दिलेल्या हिशेबामुळे.

शेवटी, पद सोडण्याची वेळ ओळखणे हीदेखील नेतृत्वाची खूण होय. ठरावीक मुदतीनंतर प्रमुखाने सूत्रे दुसऱ्याकडे सोपवून ताफ्याच्या शेवटी येणाऱ्याची जबाबदारी स्वीकारावी. संपूर्ण रांग तेथूनच दिसते, आणि आपण घडवलेले सहकारी आपल्याविनाही नीट चालत आहेत, हे पाहण्याचे समाधानही तेथेच लाभते.