घरांची वानवा

नाशिक महानगरपालिका 7 नोव्हेंबर 1982 रोजी अस्तित्वात आली, तेव्हा नाशिक, सातपूर व नाशिकरोड-देवळाली ह्या नगरपालिका आणि त्यांच्या सभोवारची खेडी एकत्र करून सुमारे 260 चौरस किलोमीटरचा जो मुलूख तिच्या हवाली झाला, तो मुंबई-ठाण्याच्या मानाने अजूनही विरळ वस्तीचाच आहे. 1991 मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14,86,053 वर पोहोचली, हे खरे. परंतु एवढी भूमी हाताशी असताना सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबाला कामाच्या जागेजवळ दोन खोल्यांचे घर घेणे अशक्यप्राय व्हावे, ही आपत्ती निसर्गाने आणलेली नसून आपल्या कायदेकानूंनी व सरकारी दिरंगाईने आणलेली आहे, असे माझे ठाम मत आहे.

ह्याच शहरात पूर्वी वेगळे घडले होते. अंबडच्या कुशीत सिडको ह्या सरकारी महामंडळाने एकामागून एक सहा योजना उभारल्या, आणि अल्प उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना प्रथमच स्वतःच्या नावाचे दार लाभले. ती घरे चिमुकली होती. पुढे मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली, आणि खोलीवर खोली चढत गेली. ह्या वाढीव बांधकामांकडे अतिक्रमण म्हणून पाहण्याचीच रीत पडली आहे; मला मात्र त्यांत गरजेचा सर्वांत प्रामाणिक पुरावा दिसतो. जेथे नळ, गटार, शाळा आणि बस आधीच पोहोचली आहे, तेथे इमल्याची मजबुती तपासून रीतसर मजले चढविण्यास परवानगी देणे, हा नवी घरे निर्माण करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

नियम आणि संसार ह्यांची गाठ कशी पडते, हे पाहावयाचे असेल तर नाशिकच्या ‘कपाट’ प्रकरणाची आठवण करावी. चटई क्षेत्राच्या हिशेबातून सूट मिळालेली भिंतीतील कपाटे प्रत्यक्षात खोल्यांत सामावून घेतली गेली, मंजूर नकाशा आणि उभी इमारत ह्यांत तफावत पडली, आणि दहाएक वर्षांपूर्वी पालिकेने पूर्णत्वाचे दाखले रोखून धरल्यावर असंख्य इमारती तयार होऊनही दप्तरी अपूर्ण राहिल्या. नियम मोडणाऱ्या विकासकाची बाजू मी घेत नाही. तथापि वाढीव क्षेत्र हस्तांतरणीय विकास हक्क घेऊन नियमित करावे म्हटले, तर नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर ते हक्क वापरण्यास मनाई. आणि पालिकेनेच मंजूर केलेल्या अभिन्यासांतील रस्ते मात्र सहा व साडेसात मीटरांचे! अखेर पुढील अंगण सोडून रस्ता नऊ मीटर करण्याची तोड निघाली, पण तोवर ज्याचे हप्ते सुरू झाले होते आणि ज्याच्या हाती दाखला नव्हता, त्या गृहस्थाची ह्या साऱ्यांत काय चूक होती? रुंद रस्ता अग्निशामक बंबासाठी हवाच. परंतु तो प्रारंभीच आखून घेणे हे नगररचनेचे काम, आणि ते न झाल्याचा दंड रहिवाशाने भरावा, ह्यात न्याय नाही.

विकास योजनेची कथा ह्याहून खेदकारक आहे. 1993 नंतरची पुढील योजना मंजूर होण्यास 2017 चा जानेवारी उजाडला; मधला एक मसुदा लोकविरोधामुळे बाजूला ठेवावा लागला. नकाशावर उद्यान, मैदान, शाळा अशी आरक्षणे रंगविली जातात आणि संपादनासाठी तिजोरीत पैसा नसतो. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या 127 व्या कलमान्वये दहा वर्षांनंतर जमीनमालकाने नोटीस द्यावी, विहित मुदतीत संपादन न झाल्यास आरक्षण संपुष्टात यावे, आणि तोपर्यंत त्या भूमीवर ना उद्यान फुलावे ना घर उभे राहावे, अशी ही स्थिती आहे.

ह्यावर तोडगा आपल्याच इतिहासात आहे. मुंबई इलाख्याच्या 1915 च्या नगररचना कायद्याने जमीनधारकांचे तुकडे एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा काढून घेऊन, उर्वरित भूखंड सुटसुटीत आकारात मालकांना परत देण्याची पद्धत घालून दिली. त्याच वारशावर अहमदाबादने आपली वाढ नगररचना योजनांमागून योजना राबवून घडविली. आपण संपादन आणि आरक्षण ह्यांवर विसंबून राहिलो. मखमलाबाद-हनुमानवाडी येथे अशी योजना स्मार्ट सिटीच्या निमित्ताने पुढे आली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि जमिनी अडकून पडतील हा त्यांचा संशय मला निराधार वाटत नाही: सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी बारा वर्षांतून एकदा लागणाऱ्या जागेच्या आरक्षणात तपोवनातील जमिनी कशा अडकून पडतात, हे ते पाहत आले आहेत. विश्वास मिळवावयाचा तर परत मिळणाऱ्या भूखंडाचे क्षेत्र व मुदत आधी लेखी द्यावी लागेल.

घरे वाढली तर गंगापूर धरणाचे पाणी पुरेल काय, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु माणसे शहराच्या हद्दीबाहेर गुंठेवारीच्या प्लॉटवर राहिली म्हणून पाणी कमी पीत नाहीत; तेथे फक्त टँकर येतो, गटार येत नाही, आणि मातोरी-गिरणाऱ्याकडील द्राक्षबागांत प्लॉटच्या खुणांचे दगड पडू लागतात. जेथे बांधू नये तेथे मात्र मी कठोर राहीन. 2008 च्या महापुरानंतर आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत नवी वस्ती होता कामा नये. आणि पंचवटी-सराफ बाजारातील ज्या जुन्या वाड्यांच्या भिंती दर पावसाळ्यात ढासळतात, तेथील भाडेकरू व मालक ह्या दोघांनाही पूररेषेबाहेर हक्काचे क्षेत्र देऊन तो तिढा सोडविला पाहिजे.

राहता राहिला 2013 चा नियम: दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा अधिक भूखंडावरील गृहयोजनेत वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखावीत. नाशिकमध्ये ती म्हाडा ह्या सरकारी गृहनिर्माण संस्थेपर्यंत पोहोचली नाहीत, असा आरोप 2022 मध्ये विधिमंडळातही झाला. भूखंडाचे तुकडे पाडून नियम चुकविल्याच्याही तक्रारी झाल्या. प्रत्येक मोठ्या अभिन्यासाचा सर्व्हे क्रमांक, मंजुरीची तारीख, त्यातील राखीव घरांची संख्या आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत, ही नोंदवही पालिकेने प्रत्येक विभागीय कार्यालयात नागरिकांसमोर उघडी ठेवावी, आणि सिंहस्थाच्या रस्त्यांना जी निकड लाभली आहे तीच ह्या कामास लाभावी.