करदाते आपणही आहोत, आता कागदावरही दिसू या!

"आमच्या टॅक्सच्या पैशावर तुम्ही सवलती घेता." आरक्षणाचा किंवा शिष्यवृत्तीचा विषय निघाला की हे वाक्य आपल्या तोंडावर फेकले जाते आणि आपले अनेक तरुण खाली मान घालतात. का घालायची?

मोबाइलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी आहे. तो कंपनीच्या मालकाला जेवढा, तेवढाच नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुरालाही. चप्पल, साबण, पेट्रोल, सगळ्यावर कर आहे आणि तो घेताना कुणी जात विचारत नाही. उलट ज्याची सगळी कमाई खर्चातच संपते, त्याच्या कमाईचा मोठा वाटा या करात जातो. मग कोण कुणाच्या पैशावर जगतो?

1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी याच अन्यायावर बोट ठेवले होते. प्राप्तिकर ठराविक उत्पन्नानंतरच लागतो. जमीन महसूल मात्र एकरभर जमिनीच्या शेतकऱ्याला आणि मोठ्या जहागीरदाराला एकाच दराने. ज्याची जशी ऐपत तसा त्याला कर, ही त्यांची भूमिका होती. सार्वजनिक वित्तावर प्रबंध लिहिणाऱ्या महामानवाच्या अनुयायांनी कराच्या नावाने बिचकावे, हे शोभत नाही.

पण टोमण्याला उत्तर देऊन भागत नाही. आज आपली मुले कपड्यांचे दुकान, केटरिंग, मंडप, मोबाइल दुरुस्ती, लेबर कॉन्ट्रॅक्ट असे धंदे करतात. धंदा चालतो, पण कागदावर तो नसतोच. कर्जासाठी बँकेत गेल्यावर मॅनेजर मागच्या वर्षांची रिटर्न मागतो आणि आपण रिकाम्या हाताने परततो. जातीय पूर्वग्रह तिथे असतोच. त्याला आपण कागद नसल्याचे निमित्त कशाला द्यायचे?

कायदा समजून घेऊ. 2 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला अनुमानित कराची सोय आहे. रोखीच्या उलाढालीवर 8 टक्के, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरायचा. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. वहीखाते ठेवण्याची सक्ती नाही. वर्षाला 20 लाखांची उलाढाल पूर्ण यूपीआयवर असेल, तर किमान नफा 1 लाख 20 हजार धरला जातो. दुसरे उत्पन्न नसेल, तर त्यावर प्राप्तिकर शून्य.

"12 लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?" असे काहीजण विचारतात. 2025-26 साठी नव्या पद्धतीत ती सवलत आहे, पण उत्पन्न 4 लाखांच्या वर गेले की रिटर्न भरावेच लागते. आणि बिलातून कापलेला टीडीएस जास्त झाला असेल, तर तो परत मिळण्याचा रस्ताही रिटर्नच.

नोकरदार बांधवांनी वजावटीचा हिशोब दोन्ही पद्धतींनी करून पाहावा. जुन्या पद्धतीत पीएफ, विमा, मुलांची शाळा-कॉलेजची शिक्षण फी मिळून दीड लाखापर्यंत वजावट मिळते. 80जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरही मिळते, मात्र 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. समाजाला परत देण्याची भाषा आपण करतो. मग आपली वसतिगृहे, वाचनालये चालवणाऱ्या किती संस्थांनी ही नोंदणी केली आहे? पावतीशिवाय वर्गणी गोळा करणे आता थांबवले पाहिजे.

आणि एक इशारा. खोट्या देणग्या, खोटे घरभाडे दाखवून रिफंड काढून देणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. तो कमिशन घेऊन जातो, नोटीस तुमच्या नावे येते आणि दंड बुडवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे: प्रत्येक वस्तीत कॉमर्स शिकलेल्या मुलामुलींनी रिटर्न भरण्याच्या दिवसांत काही रविवार विहारात बसावे आणि छोट्या धंदेवाल्यांची रिटर्न भरून द्यावीत. पुढच्या वेळी कुणी टॅक्सचा टोमणा मारला, तर जीएसटीचा हिशोब सांगा आणि सोबत रिटर्नची पोचही दाखवा.

जय भीम!