गाणं सगळ्यांना पाठ, पण गाणारी कोण?

यंदा विसर्जनाला रसायनीला घरी होतो. मोहोपाड्यात मिरवणूक आली, बेंजोवाल्यांनी ‘कोंबडी पळाली’ धरलं आणि अख्खा नाका नाचायला लागला. नाचून दमल्यावर मित्रांना सहज विचारलं, काय रे, हे गाणं गायलंय कुणी? आनंद शिंदे, एकाने लगेच सांगितलं. बरोबर. आणि बाईचा आवाज? एक म्हणाला श्रेया घोषाल. बाकीचे गप्प.

मंडळी, तो आवाज वैशाली सामंतचा!

यातल्याच एकाच्या फोनमध्ये जपानच्या शीना रिंगोची गाणी भरलेली आहेत. ही बाई १९९८ मध्ये, १९व्या वर्षी, स्वतः लिहिलेली आणि चाल लावलेली गाणी घेऊन आली. पुढच्याच वर्षी आलेला तिचा पहिला अल्बम दहा लाखांच्या वर खपला. मग २००४ मध्ये तिने ‘टोकियो जिहेन’ हा स्वतःचा बँड काढला. हे सगळं माझ्या मित्राला तोंडपाठ आहे. माहीत नाहीये ते फक्त आपलं घरचं.

वैशाली सामंतचं ‘ऐका दाजिबा’ आलं २००२ मध्ये. संगीत अवधूत गुप्तेचं. व्हिडिओत मिलिंद गुणाजी आणि ईशिता अरुण. हिंदी-इंग्रजी गाणी लावणाऱ्या वाहिन्यांवर मराठी गाणं दणक्यात वाजत होतं, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. आता कुणी म्हणेल, अरे पण हे रॉक कुठाय? नाहीच आहे. पण मोकळ्या गळ्याने गर्दी हलवायची ताकद लागते ना, ती या आवाजात शंभर टक्के आहे. मग अडलं कुठे?

माझ्या मते, गाणं स्वतःचं नव्हतं तिथे.

‘कोंबडी पळाली’ २००६ च्या ‘जत्रा’तलं. शब्द जितेंद्र जोशीचे, संगीत अजय-अतुलचं, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. २०१२ मध्ये अजय-अतुलनीच तीच चाल ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून नेली. गायली श्रेया घोषालने, आणि झकास गायली. यात कुणाचं काही चुकलं नाही. चाल संगीतकाराची, ती त्याच्याबरोबर गेली. आवाज तेवढा मागे राहिला.

आपल्या आयटीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. दुसऱ्याच्या स्पेकवर कितीही सुंदर कोड लिहा, प्रॉडक्टवर नाव क्लायंटचंच असतं. आपल्याकडे पार्श्वगायिकेचं असंच आहे. शब्द, चाल, नायिका सगळं ठरतं आणि मग तिला बोलावतात. मधल्या काळात कॅसेट-सीडीचा बाजार बसला आणि सिनेमाबाहेरच्या अल्बमची वाटही अरुंद झाली. नंतर २००८-०९ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ला वैशाली आणि अवधूत परीक्षक म्हणून घराघरात पोचले. पण त्या मंचावरही मुलं गात होती ती आधीच गाजलेली गाणी.

म्हणून मला वाटतं, मराठीत रॉक गाणारी बाई का नाही, हा प्रश्न गळ्याचा नाहीच. तो आपल्या कानांचा आहे. नवं गाणं ऐकायला आपण दोन मिनिटं थांबत नाही.

पटत नाही? माझी मामेबहीण बारावीत आहे. गिटार वाजवते, वहीत स्वतःची मराठी गाणी लिहिते. गॅदरिंगला त्यातलं एक गायचं तिच्या मनात होतं. तिला सल्ला मिळाला, “अगं, लोकांना माहीत असलेलं काहीतरी गा.” तिने तसंच केलं. टाळ्याही मिळाल्या. वही दप्तरातच राहिली.

सल्ला देणारा मीच होतो.

असो. दिवाळीत पुन्हा घरी जाणार आहे. या वेळी तिला म्हणणार आहे, वही काढ.