हिंगूळ बैलाला दिसतो का?

कयाधूकाठच्या नरसी नामदेवात पोळ्याला बैलांचा थाट नवरदेवाला लाजवणारा. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला त्यातले दिसते किती? रंग टिपणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यात तीन प्रकारच्या, बैलाच्या डोळ्यात दोनच. तांबडे-हिरवे त्याला नीट वेगळे काढता येत नाही. आदल्या संध्याकाळी खांद्याला चोळलेले हळद-तूप मात्र त्याला नक्की कळते.

याच गावच्या नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा कोरडी भाकरी त्याच्या घशाला बोचेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, अशी कथा आहे. कुत्र्याला काय लागेल, ते त्यांनी कुत्र्याच्या बाजूने पाहिले. शास्त्रज्ञांना हे दर वेळी जमतेच असे नाही.

जपानच्या केयो विद्यापीठातले शिगेरू वातानाबे यांनी 1995 मध्ये कबुतरांना मोने आणि पिकासो यांची चित्रे ओळखायला शिकवली. बरोबर टोच मारली की दाणे. कबुतरे पुढे न पाहिलेली चित्रेही बहुतेकदा बरोबर निवडू लागली. मोने उलटा टांगला की ती गोंधळत. पिकासो उलटा असला तरी नाही! (काही माणसांचेही तसेच होत असावे.) तरीही ही झाली पारख, आवड नव्हे. दाण्यासाठी कबूतर पिकासोच काय, बँकेची पासबुकेही ओळखेल. त्याच गटाने पुढे जावा चिमण्यांना दाण्याचे आमिष न दाखवता चित्रांसमोर हवे तिथे बसू दिले. 7 पैकी 5 घनवादी, म्हणजे पिकासोच्या धाटणीच्या, चित्रांकडे जास्त रमल्या. हा पुरावा इवलासा, पण कबुतरांपेक्षा वजनदार.

तरी चित्रे माणसाचीच. डार्विनने 1871 मध्ये पक्ष्यांच्या माद्यांना सौंदर्याची रुची असते असे लिहिले, ते त्यांच्या जोडीदारांचा पिसारा पाहून. परीक्षा घ्यायची तर ती तिथे घ्यावी. अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात सुगरणीचे खोपे न्याहाळले. विणतो तो नर. मादी अर्धवट खोपा आतून-बाहेरून तपासते, पसंत पडला तर राहते, नाहीतर दुसऱ्याकडे जाते. नंतरच्या अभ्यासात दिसले की विणीपेक्षा जागेला ती जास्त भाव देते: झाड कोणते, उंची किती, फांदी केवढी. म्हणजे हिशेब सुरक्षिततेचा. पण सुरक्षित जागा तिला सुंदरही वाटत नसेल, हे कोणी ठरवले? घर घेताना माणूस तरी या दोन गोष्टी कुठे वेगळ्या मोजतो?