माशाचा आजार, माणसाची चिठ्ठी

स्वारगेटच्या एसटी स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर माझा दवाखाना आहे. गेल्या थंडीत एका संध्याकाळी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आले. माझे जुने रुग्ण, रक्तदाबाची गोळी न चुकता घेणारे. सोबत पाचवीतला नातू, तोंड एवढेसे झालेले. मी रक्तदाब तपासायला पट्टा बांधू लागलो, तर काका म्हणाले, "डॉक्टर, आज माझं काही नाही. आमचा मासा आजारी आहे. टेट्रासायक्लिनची चिठ्ठी तेवढी द्या. माझ्या नावावर लिहिलीत तरी चालेल."

मासा ऑस्कर जातीचा, सिक्लिड कुळातला. हे कुळ वाचकांना वाटते तितके परके नाही. उजनीच्या धरणात सापडणारी आणि भिगवणच्या खानावळीत ताटात येणारी चिलापी याच कुळातली. तर हा ऑस्कर दोन दिवसांपासून एका कुशीवर कलंडून पाण्याच्या वर तरंगत होता. खाली जायची धडपड करी आणि पुन्हा बुचासारखा वर येई. दुकानदाराने सांगितले होते, "हवेची पिशवी बिघडली आहे. टेट्रासायक्लिनच्या दोन कॅप्सूल फोडून टाकीत टाका."

मी चिठ्ठी दिली नाही. ती का दिली नाही, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

आधी एक कबुली देतो. वीसेक वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यांनी अशीच चिठ्ठी मागितली होती आणि मी ती हसत हसत लिहून दिली होती. माशासाठी तर हवी आहे, त्यात काय एवढे, असे वाटले. चार दिवसांत तो मासा मेलाच, पण टाकीतले बाकीचे धडधाकट मासेही गेले. तेव्हा मला कारण समजले नाही. पुढे एका पशुवैद्यक मित्राने समजावून सांगितले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

माशाच्या पोटात, पाठीच्या कण्याखाली हवेने भरलेली एक पिशवी असते. शाळेच्या पुस्तकात तिला वाताशय म्हणतात. या पिशवीतील हवा कमीजास्त करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. गोल्डफिशमध्ये ही पिशवी एका नळीने अन्ननलिकेला जोडलेली असते. मोठ्या झालेल्या सिक्लिडमध्ये अशी नळी नसते. त्याची पिशवी बंद असते आणि तिच्यात वायू भरण्याचे व काढण्याचे काम रक्तामार्फत चालते. म्हणून गोल्डफिशचे सगळे उपाय सिक्लिडला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 'वाताशयाचा विकार' हे रोगाचे नाव नव्हे. ते लक्षण आहे, जसा आपल्याकडे ताप. ताप मलेरियाचा असतो, टायफॉईडचा असतो, साध्या सर्दीचाही असतो. तसाच मासा कलंडण्यामागे पोट गच्च होऊन पिशवीवर पडलेला दाब असेल, खराब पाणी असेल, गारठा असेल, मार लागला असेल, आत गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल. पॅरट म्हणून विकला जाणारा गुबगुबीत नारिंगी मासा तर संकरातून तयार केलेला आहे. त्याचे आखूड शरीरच असे की पिशवीला नीट जागा मिळत नाही. त्याचा दोष जन्मजात. त्याला कोणती कॅप्सूल काय करणार?

म्हणून मी काकांना तेच प्रश्न विचारले, जे रुग्णाला विचारतो. कधीपासून? त्याआधी काय बदलले? खाणे काय? उत्तरे मिळत गेली तसा उलगडा होत गेला. रविवारी टाकीतले सगळे पाणी काढून थेट नळाचे पाणी भरले होते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ धुतला होता. नातू सुटीवर असल्याने दिवसातून चार-पाच वेळा गोळ्या घालत होता. आणि थंडी कडाक्याची असूनही टाकीत हीटर नव्हता.

आता यातील एकेक पाहू. आपल्या भागाला पर्वती जलकेंद्रातून येणारे खडकवासल्याचे पाणी क्लोरिनने निर्जंतुक केलेले असते. आपल्यासाठी तो क्लोरिन आवश्यकच. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा त्याचे महत्त्व घराघरांत कळले. पण तोच क्लोरिन माशाच्या कल्ल्यांना भाजतो. दुसरे म्हणजे, फिल्टरच्या स्पंजात उपयोगी जीवाणूंची वस्ती असते. माशाच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. ते धुऊन टाकले की अमोनिया साचतो आणि मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरतो.

अशा टाकीत टेट्रासायक्लिन टाकले तर उरलेसुरले उपयोगी जीवाणूही मरू शकतात. माझ्या शेजाऱ्यांच्या टाकीत बहुधा हेच झाले. आपल्या पोटाचेही असेच असते. विनाकारण अँटिबायोटिक घेतले की आतड्यातले चांगले जीवाणू जातात आणि जुलाब लागतात. शिवाय टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका असे आम्ही सांगतो, कारण दुधातील कॅल्शियम त्याला बांधून ठेवते. बोअरच्या जड पाण्यातही तेच घडते. म्हणजे औषध रोगजंतूंपर्यंत पुरेसे पोचत नाही.

काकांना जे सांगितले ते इथे देतो. तीन दिवस खाणे पूर्ण बंद. मोठा मासा तेवढा उपास सहज सोसतो. रोज टाकीतले फक्त पाव भाग पाणी बदलायचे. नवे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलेले किंवा अँटिक्लोरिनचे थेंब घातलेले, आणि टाकीइतकेच कोमट. हीटर लावून पाणी हळूहळू 26 ते 28 अंशांवर आणायचे. फिल्टर चालूच ठेवायचा, आणि पुढे स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. अमोनिया तपासण्याचे किट दुकानात मिळते, ते आणून पाणी तपासायचे. उपासानंतर उकडून साल काढलेल्या मटारचा लहान तुकडा द्यायचा. पोट गच्च झाले असेल तर त्याचा उपयोग होतो. पुढे कोरड्या गोळ्या भिजवून, थोड्याच, दिवसातून एकदा किंवा दोनदा.

आणि एवढे करूनही आठवड्यात उतार नाही, किंवा अंगावर लाल चट्टे, जखमा, फुगलेले पोट, उभे राहिलेले खवले असे काही दिसले, तर पशुवैद्यकाकडे जायचे. एक्स-रेमध्ये माशाची हवेची पिशवी स्पष्ट दिसते. जंतुसंसर्ग आहे असे ठरले तर कोणते अँटिबायोटिक, किती, आणि ते पाण्यातून, खाण्यातून की इंजेक्शनने, हे पशुवैद्यकाने ठरवावे. आपल्या स्वारगेटहून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरवळला 1988 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरांच्या डॉक्टरांचा आपल्याकडे दुष्काळ नाही. मासा त्यांच्याकडे न्यायचा असतो, हेच आपल्याला सुचत नाही.

कोणी म्हणेल, एका माशाच्या दोन कॅप्सूलनी असे काय बिघडते? हिशेब करा. 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल 100 लिटरच्या टाकीत टाकली तर लिटरमागे 5 मिलिग्रॅम होते. अशी अंदाजाची, अपुरी मात्रा म्हणजे जंतूंना औषधाची ओळख करून देणारी शिकवणीच. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता. टाकीतले ते पाणी पुढे गटारात आणि गटारातून नदीकडे जाते. कोंबड्या व इतर खाद्यप्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली ती याच कारणासाठी. माणसाच्या शेवटच्या उपायाचे औषध जनावरांवर उधळले जात होते.

टेट्रासायक्लिन हे शेड्यूल एचमधील औषध आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. 2016 पासून सरकारने अँटिबायोटिकच्या पाकिटावरील तांबडी उभी रेघ ओळखा, अशी मोहीम चालवली. पण माणसाच्या नावाने माशासाठी चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर असेल तर त्या रेघेचा काय उपयोग? यात आम्हा डॉक्टरांचा दोष मोठा आहे. रुग्ण दुखावू नये, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ नये, म्हणून आम्ही लिहून देतो. माशासाठी लिहितो तसेच सर्दीसाठीही लिहितो.

टाकी बाळगणाऱ्यांनी स्वतःचाही विचार करावा. टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद असू शकतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम. हाताला जखम असताना टाकी साफ केली तर काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी किंवा किंचित दुखणारी गाठ येते आणि ती बरी व्हायला महिनेच्या महिने औषध लागते. म्हणून जखम असल्यास हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि अशी गाठ आली तर घरी मासे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते सांगितले नाही तर निदान हुकते.

आणखी एक विनंती. मासा बरा होत नाही म्हणून त्याला कालव्यात किंवा तळ्यात सोडू नका. चिलापीही परदेशातूनच 1952 साली भारतात आणली गेली. आज ती उजनीभर पसरली आहे. त्याचे परिणाम स्थानिक माशांना भोगावे लागतात.

दोन आठवड्यांनी काका रक्तदाब तपासायला आले. मासा सरळ पोहतो आहे, संध्याकाळी जरासा कलतो, पण खाणे घेतो, असे म्हणाले. पूर्ण बरा होईल की नाही, सांगता येत नाही. काही मासे असे थोडे कलूनच वर्षानुवर्षे जगतात. नातवाने टाकीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर खाणे दिल्याची वेळ तो लिहून ठेवतो. जाताना काका म्हणाले, "डॉक्टर, मला जरा खोकला आहे. एखादी अँटिबायोटिक..." आणि स्वतःच हसले. मी छाती तपासली. स्वच्छ होती. गरम पाण्याची वाफ घ्या म्हणून सांगितले आणि घरी पाठवले.